पँडोराचं फर्मवेअर : खोकं बंद होण्याआधी काय पक्कं करावं लागतं

पँडोरा हा हातात मावणारा लिनक्स संगणक मुख्यतः खेळांसाठी बांधला गेला. आगाऊ नोंदणी ३० सप्टेंबर २००८ रोजी उघडली, पहिली खेप ४,००० संचांची ठरली आणि पहिले संच रवाना व्हायला मे २०१० उजाडला. आत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ओमॅप ३५३० चिप होती: ६०० मेगाहर्ट्झचा कॉर्टेक्स-ए८, पॉवरव्हीआर एसजीएक्स ५३० ग्राफिक्स, सोबत २५६ एमबी रॅम आणि ५१२ एमबी नँड फ्लॅश (वीज गेली तरी मजकूर टिकवणारी मेमरी). बाहेरून ४.३ इंची, ८०० × ४८० पिक्सेलचा टचस्क्रीन, एसडी कार्डाचे दोन स्लॉट, छोटा कीबोर्ड, डी-पॅड, खेळाची बटणं आणि दोन ॲनालॉग नब (छोट्या जॉयस्टिक). सॉफ्टवेअर अँगस्ट्रॉम लिनक्सवर बेतलेलं, कर्नल (लिनक्सचा गाभा) २.६.२७, डेस्कटॉप एक्सएफसीई.

अशा यंत्राचं फर्मवेअर, म्हणजे त्यासोबत येणारं मूळ सॉफ्टवेअर, रवानगीच्या दिवशी पूर्ण झालेलं नसतंच. वायफाय मधूनच तुटत असतं, एखादा ड्रायव्हर झोपेतून उठताना अडखळत असतो. त्यामुळे ‘सगळं चालतंय का’ हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. उपयोगाचा प्रश्न असा: ही चूक ग्राहकाला घरबसल्या एसडी कार्डावरून दुरुस्त करता येईल का? येत असेल तर ती थांबू शकते. येत नसेल तर तिच्यासाठी रवानगी थांबवावी लागते, मग चूक कितीही किरकोळ दिसो. पँडोराच्या बाबतीत या दोन ढिगांमधली वाटणी कशी होते आणि पहिल्या नजरेला ती कुठे फसवते, ते इथे मांडलं आहे.

नँडचा नकाशा

रॅम आणि नँड या दोन्ही एकाच पॅकेजमध्ये, प्रोसेसरच्या डोक्यावरच डाग दिलेल्या. याचा पहिला परिणाम कारखान्यात जाणवतो. एक चिप उपसून दुसरी लावणं हे कारागिरीचं आणि महागडं काम, त्यामुळे बोर्ड तयार झाल्यावर त्यावरच लिहायचं आणि चुकलं तर त्याच बोर्डावर सावरायचं.

नँडमध्ये १२८ केबीचे ४,०९६ ब्लॉक. कर्नलच्या बोर्ड-फाइलमध्ये त्यांची वाटणी अशी आहे: एक्स-लोडरला (यंत्र उठवणारा पहिला छोटा प्रोग्राम) ४ ब्लॉक, यू-बूटला (कर्नल उठवणारा पुढचा प्रोग्राम) १५, यू-बूटच्या एन्व्हायर्नमेंटला (त्याच्या साठवलेल्या सेटिंग) १, ‘बूट’ पार्टिशनला ८० आणि उरलेले ३,९९६ रूट फाइल सिस्टिमला. म्हणजे ५१२ केबी, १,९२० केबी, १२८ केबी, १० एमबी आणि ४९९.५ एमबी.

हे आकडे एकदा बाहेर गेले की बदलता येत नाहीत. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या येतात, पण मग जुना यू-बूट आणि नवा कर्नल यांच्या डोक्यात दोन वेगळे नकाशे राहतात आणि कोण कुणाच्या जागेवर लिहील याचा भरवसा उरत नाही. म्हणून प्रत्येक आकड्यामागे सढळ हात दिसतो. दोनतीन ब्लॉकमध्ये बसणाऱ्या यू-बूटला पंधरा ब्लॉक कशाला? कारण ४ गिगाबिटच्या नँडमध्ये ४,०९६ पैकी ८० पर्यंत ब्लॉक जन्मजात खराब असू शकतात. चिप बनवणारा फक्त पहिला ब्लॉक चांगला असल्याची हमी देतो. यू-बूटच्या भागाला खराब ब्लॉक सांभाळणारा वरचा थर नसतो. एक्स-लोडर खराब ब्लॉक ओलांडून पुढचा वाचतो, एवढीच सोय.

एन्व्हायर्नमेंटला मात्र एकच ब्लॉक आहे. तोच नेमका खराब निघाला, किंवा लिहिताना बॅटरी संपली, तर सीआरसी (मजकूर शाबूत आहे का हे सांगणारा तपासणी-आकडा) जुळत नाही आणि यू-बूट स्वतःत कंपाइल केलेल्या मूळ सेटिंगवर जातो. यावरून शिस्त ठरते: मूळ सेटिंगवरच यंत्र पूर्ण बूट झालं पाहिजे. विकासाच्या काळात प्रत्येक जण आपापल्या बोर्डावर बूट-आज्ञा बदलून ‘सेव्ह’ करतो, सगळ्यांचे बोर्ड छान चालतात आणि कोऱ्या बोर्डावर रूट फाइल सिस्टिमच सापडत नाही. रवानगीच्या इमेजची (नँडमध्ये लिहायच्या तयार प्रतीची) चाचणी म्हणूनच हा एक ब्लॉक पुसून घ्यायची, दरवेळी.

पहिले चार ब्लॉक

सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा.

ओमॅप ३ चा रॉम-कोड, म्हणजे चिपमध्येच कायमचा कोरलेला सुरुवातीचा प्रोग्राम, नँडचे पहिले चार ब्लॉक तपासतो. पहिल्यात नीट इमेज मिळाली नाही तर दुसरा, मग तिसरा, मग चौथा. म्हणून एक्स-लोडरच्या चार सारख्या प्रती लिहायच्या: हेक्स ०, २००००, ४०००० आणि ६०००० या ठिकाणी. प्रत्येकीच्या सुरुवातीला ८ बाइटचं डोकं लागतं, ४ बाइट आकाराचे आणि ४ बाइट मेमरीत कुठे ठेवायचं त्या पत्त्याचे. चिपच्या पोटात एसरॅम फक्त ६४ केबी, तेव्हा एक्स-लोडरला त्यात मावावंच लागतं. बाहेरची रॅम जागी करायचं काम तोच तर करतो.

आता ईसीसी, म्हणजे चूक-दुरुस्तीचा संकेत. नँडमध्ये एखादा बिट उलटणं हे रोजचं. म्हणून दर ५१२ बाइटमागे काही जादा बाइट लिहून ठेवतात. ते मोजण्याच्या आणि ठेवण्याच्या पद्धती एकापेक्षा जास्त आहेत. रॉम-कोडला एकच समजते: चिपमधल्या हार्डवेअरने मोजलेली, एक बिट दुरुस्त करणारी हॅमिंग पद्धत, ठरलेल्या जागी ठेवलेली. त्या काळचा कर्नल आणि यू-बूट बाकीच्या पार्टिशनसाठी सॉफ्टवेअरने मोजलेला ईसीसीही वापरत. त्यामुळे ओमॅप ३ च्या यू-बूटमध्ये ‘नँडईसीसी’ नावाची आज्ञाच होती. एक्स-लोडर लिहिण्याआधी तिला ‘हार्डवेअर’ सांगायचं, पुढच्या गोष्टींसाठी परत ‘सॉफ्टवेअर’.

ही आज्ञा विसरली तर काय होतं ते नीट पाहण्यासारखं आहे. लिहिणं यशस्वी होतं. परत वाचून मूळ फाइलशी ताडलं तर बाइटन् बाइट जुळतो. फ्लॅशिंगची स्क्रिप्ट ‘ठीक’ म्हणते, चाचणी करणारा हिरवी खूण करतो. मग वीज बंद करून चालू केली की बोर्ड मेलेला. कारण पडताळणी करणाऱ्यानेही लिहिणाऱ्याचीच चुकीची पद्धत वापरली, दोघांचं आपसात एकमत झालं. रॉम-कोडला मात्र तोच मजकूर दुरुस्त न होणाऱ्या चुकांनी भरलेला दिसला. वाचून ताडण्याची चाचणी एक्स-लोडरसाठी कुचकामी आहे. वीज पूर्ण तोडून पुन्हा बूट करणं हीच खरी पडताळणी, आणि ती प्रत्येक बोर्डावर व्हायला हवी.

चार प्रतींचीही परीक्षा घ्यावी लागते, नाहीतर दुसरी, तिसरी आणि चौथी प्रत कुणी कधी वाचलेलीच नसते. पाच बोर्ड बाजूला काढायचे. पहिला ब्लॉक पुसायचा, बूट करायचं. मग दुसराही पुसायचा, बूट करायचं. असं फक्त चौथी प्रत उरेपर्यंत. एखाद्या प्रतीचा पत्ता स्क्रिप्टमध्ये चुकला असेल तर तो फक्त इथेच पकडला जातो.

कर्नलमध्ये हे पार्टिशन ‘केवळ वाचनासाठी’ असं बांधून टाकलेलं आहे, ते याच भीतीपोटी. चालू लिनक्समधून कुणी कौतुकाने एक्स-लोडर अपडेट करायला जाऊ नये.

लिहिण्याचा क्रम

कोऱ्या बोर्डावर नँड रिकामी असते. रॉम-कोडला तिथे काही मिळत नाही, तेव्हा तो सिस्बूट पिनांनी ठरवलेल्या क्रमाने पुढची साधनं पाहतो: यूएसबी, सिरियल, एसडी कार्ड. कार्डावर पहिलं पार्टिशन फॅट (कार्डांवर सहसा असते ती फाइल-मांडणी), बूटचा झेंडा लावलेलं, २५५ हेड आणि ६३ सेक्टरच्या हिशेबाने आखलेलं, आणि त्यात ‘एमएलओ’ नावाची फाइल (हाच एक्स-लोडर) सगळ्यांत आधी कॉपी केलेली. रॉम-कोडची फॅटची समज बेताची असते. मूळ कार्ड चालतं आणि घाईत बनवलेली नक्कल चालत नाही, याचं कारण बहुतेकदा या आखणीतच सापडतं.

फ्लॅशिंगची स्क्रिप्ट लिहिणारा सहसा नँडच्या सुरुवातीपासून शेवटाकडे जातो, आधी एक्स-लोडर, मग यू-बूट, मग बाकी. क्रम उलटा हवा. रूट फाइल सिस्टिम आधी, मग बूट पार्टिशन, मग यू-बूट, सगळ्यांत शेवटी एक्स-लोडर. कारण अर्धवट लिहिलेला एक्स-लोडर हा रिकाम्या नँडपेक्षा वाईट. नँड रिकामी असेल तर रॉम-कोड निमूटपणे कार्डाकडे वळतो. डोकं बरोबर पण धड बिघडलेलं असेल तर तो त्यात उडी मारतो आणि तिथेच अडकतो, कार्डाची पाळीच येत नाही. मग पिनांचा क्रम बदलायला बोर्ड उघडणं आलं. शेवटी लिहायचं ठरवलं की मध्येच वीज गेली तरी बोर्ड कोराच राहतो, पुन्हा कार्ड घालून पहिल्यापासून सुरू.

वेळेचा हिशेबही आधीच मांडावा. समजा एका बोर्डाला फ्लॅशिंग आणि चाचणी मिळून ६ मिनिटं लागतात. ४,००० बोर्डांना २४,००० मिनिटं, म्हणजे ४०० तास. पाच टेबलं लावली तर ८० तास, रोज आठ तास धरले तर दहा दिवस. इमेज चुकली असं सातव्या दिवशी कळलं तर काय होईल हे या आकड्यावरून दिसतं. म्हणून पहिले २० बोर्ड फ्लॅश करून दोन दिवस वापरायचे, तोवर बाकीच्यांना हात लावायचा नाही. रोज वीस वेळा बंद-चालू करायचे, बॅटरी पूर्ण उतरवायची, परत भरायची.

यूबीआय आणि दुसऱ्यांदा लिहिलेलं पान

रूट फाइल सिस्टिम यूबीआयएफएसवर आहे. ती मुख्य कर्नलमध्ये आली २.६.२७ मध्येच, म्हणजे पँडोराच्या वेळी ताजीच होती. खालचा यूबीआय थर खराब ब्लॉक बाजूला ठेवतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटतो.

इमेज बनवताना चार आकडे बरोबर लागतात: पान २,०४८ बाइट, उप-पान ५१२ बाइट, भौतिक ब्लॉक १२८ केबी आणि तर्क-ब्लॉक १,२९,०२४ बाइट. शेवटचा आकडा आपोआप येतो. १,३१,०७२ मधून यूबीआयच्या दोन डोक्यांसाठी एक पान, २,०४८ बाइट, वजा. उप-पान वापरलं नाही तर प्रत्येक डोक्याला अख्खं पान जातं आणि १,२६,९७६ उरतात. इमेज एका हिशेबाने बनवली आणि कर्नल दुसऱ्या हिशेबाने चालला तर माउंट होत नाही. ही चूक निदान पहिल्याच बूटला ओरडून सांगते.

पाचवा आकडा मात्र गप्प बसतो: फाइल सिस्टिम जास्तीत जास्त किती ब्लॉकपर्यंत वाढू शकते. इमेज छोटी असली तरी हा आकडा अख्ख्या पार्टिशनला पुरेल एवढा द्यायचा. कमी दिला तर फाइल सिस्टिम तेवढ्यावरच थांबते आणि ग्राहकाला अर्धीच जागा दिसते. ३,९९६ पैकी खराब ब्लॉकांच्या बदलीसाठी ८० आणि यूबीआयच्या घरखर्चाला ४ सोडले तर ३,९१२ उरतात. गुणिले १२६ केबी, म्हणजे सुमारे ४८१ एमबी. ‘५१२ एमबी’ असं खोक्यावर छापणाऱ्याने हा आकडा एकदा तरी पाहावा.

खरा त्रास देते ती वेगळीच गोष्ट. यूबीआयएफएसच्या इमेजमध्ये बऱ्याच ब्लॉकांच्या शेवटी कोरी जागा असते, सगळे बाइट एफएफ. पुसलेल्या नँडमध्येही एफएफच असतात, म्हणून साधं लेखन-साधन ती पानंही ‘लिहून’ टाकतं. मजकूर दिसायला तोच, पण नँडच्या दृष्टीने ते पान एकदा लिहून झालं. काही ईसीसी पद्धतींमध्ये तर एफएफने भरलेल्या पानाचे जादा बाइट एफएफ येत नाहीत, म्हणजे तिथे खरोखर काही कोरलं जातं. पुढे यूबीआयएफएस त्या जागेला कोरी समजून लिहायला जाते. एकाच पानावर दोनदा लेखन, ईसीसीचे बिट एकमेकांवर बसलेले. कारखान्यात सगळं चालतं, कारण तेव्हा कुणी त्या पानांवर लिहिलेलं नसतं. पहिला खेळ साठवला, पहिलं पॅकेज बसवलं की आठवड्याभरात कुठेतरी वाचन-चुका सुरू होतात आणि फाइल सिस्टिम स्वतःला ‘केवळ वाचनासाठी’ करून घेते. प्रत्येक संचावर वेगळ्या फाइलमध्ये, वेगळ्या दिवशी. असं दुखणं दुरून शोधणं जवळपास अशक्य.

उपाय सोपा आहे. चालू लिनक्समधून ‘यूबीफॉरमॅट’नेच इमेज लिहायची. ते ब्लॉकच्या शेपटाची कोरी पानं वगळतं आणि झिजेची मोजणीही जपतं. इमेज बनवताना ‘मोकळी जागा सावरून घे’ असा झेंडा लावायची सोय आली ती कर्नल ३.० पासून, २.६.२७ ला तिचा उपयोग नाही. कारखान्यातलं कार्ड म्हणूनच यू-बूटवर न थांबता एक लहान लिनक्स उठवणारं हवं.

कार्डाचा दरवाजा

यू-बूट उठला की त्याचं पहिलं काम कार्ड पाहणं. तिथे ‘ऑटोबूट डॉट टीएक्सटी’ ही फाइल असेल तर तिच्यातल्या आज्ञा चालवायच्या, नसेल तर नँडच्या बूट पार्टिशनमधला कर्नल. ही एक ओळ बाकी सगळ्या उणिवांचा विमा आहे. नवा कर्नल, नवी फाइल सिस्टिम, पूर्ण फेर-फ्लॅश, काहीही या दरवाजातून आत येऊ शकतं. कार्डावरची आज्ञा-फाइल चुकली तर कार्ड काढून घ्यायचं, नँडला धक्का नाही.

तेव्हा यू-बूटमध्ये दुसरं काही अर्धवट राहिलं तरी चालेल, कार्ड-वाचन शंभर टक्के हवं. सापडतील तेवढ्या बनावटींची, २ जीबीपासून ३२ जीबीपर्यंतची कार्डं घालून पाहायची. २ जीबीपर्यंतची साधी कार्डं आणि त्यापुढची एसडीएचसी पत्ता वेगळ्या एककात मागतात, एकीला बाइट, दुसरीला ५१२ बाइटचे सेक्टर. ड्रायव्हरने कार्डाची जात ओळखण्यात गल्लत केली तर छोटं कार्ड चालतं आणि मोठं नाही. फॅट आणि ईएक्सटी२, दोन्ही वाचता आले पाहिजेत.

कर्नलमधल्या गोष्टी, आणि एक जी कर्नलमधली नाही

वायफायची चिप डब्ल्यूएल१२५१, तिसऱ्या एमएमसी कंट्रोलरवर एसडीआयओने जोडलेली. ती स्वतःची ओळख नियमाप्रमाणे सांगतच नाही. कर्नल विचारतो ‘कोण?’ आणि उत्तर येत नाही. म्हणून बोर्ड-फाइलमध्येच लिहून ठेवलं आहे की इथे ही चिप आहे, उत्पादक अमुक, ब्लॉक ५१२ बाइटचा. रेडिओची मोजणी-दुरुस्ती शेजारच्या ईईप्रॉममध्ये असते, ती वापरायची असंही ड्रायव्हरला सांगावं लागतं. हे सगळं कार्डावरून दुरुस्त होणारं, त्यामुळे रवानगी अडवण्याजोगं नाही.

आवाजासाठी पीसीएम१७७३ हा वेगळा डॅक (आकड्यांचं आवाजाच्या संकेतात रूपांतर करणारी चिप) आहे. त्याला वीज देणं आणि त्याची पॉवर-डाउन पिन वर करणं यांच्यात १ मिलिसेकंद थांबावं असं त्याच्या डेटाशीटमध्ये आहे, बंद करतानाही तेवढंच. ड्रायव्हरमध्ये ती वाट पाहणारी ओळ टिप्पणीसकट आहे. कुणी ‘वेग वाढवायला’ ती काढली तर काही संचांवर काहीच फरक पडणार नाही, आणि म्हणूनच ती काढलेली लक्षात येणार नाही.

स्क्रीनचं पॅनेल एसपीआयवरून (चिपांमधली साधी तार-जोडणी) चालू करावं लागतं. यंत्र झोपेतून उठताना डिस्प्लेचा ड्रायव्हर आधी जागा झाला आणि एसपीआयचं घड्याळ अजून बंदच असेल, तर पॅनेलला पाठवलेल्या आज्ञा हवेत विरतात. झाकण उघडलं, आवाज आला, स्क्रीन काळा. उपाय असा की अशा वेळी पॅनेलची तयारी डिस्प्लेच्या वळणावर न करता एसपीआय जागं झाल्यावर करायची.

व्होल्टेजचा क्रम तर पाठच असावा. ५०० मेगाहर्ट्झला १.२ व्होल्ट, ६०० ला १.३५. वर जाताना आधी व्होल्टेज, मग घड्याळ. खाली येताना आधी घड्याळ, मग व्होल्टेज. उलट केलं तर सरस चिप तगते, बेताची चिप गोठते. वापरणाऱ्याने वाढवलेला वेग बूटच्या वेळी आपोआप लागू करायचा नाही, नाहीतर न पेलणारा आकडा ठेवलेला संच दर वेळी उठतानाच गोठेल.

आता ती फसवी गोष्ट. कॉर्टेक्स-ए८ च्या सुरुवातीच्या आर१ आवृत्त्यांमध्ये ४३०९७३ क्रमांकाचा दोष आहे. एआरएम आणि थंब (आखूड आज्ञांचा) अशा दोन्ही प्रकारचा कोड चालताना प्रोसेसर जुन्या उडीचा शिळा अंदाज वापरतो आणि प्रोग्राम अधूनमधून कारण नसताना कोसळतो. कर्नलमध्ये त्यावर उपाय आहे, त्यामुळे हा दोष ‘कार्डावरून सुधारता येईल’ या ढिगात सहज ढकलला जातो. पण उपायाचे दोन भाग आहेत. प्रोसेसर एका प्रोग्रामवरून दुसऱ्याकडे जाताना उड्यांच्या अंदाजांचा साठा साफ करायचा, हे कर्नल करतो. ती साफसफाई खरोखर व्हावी म्हणून सहायक नियंत्रण रजिस्टरमधला ६ क्रमांकाचा बिट लावलेला असावा लागतो, आणि ओमॅपवर लिनक्स ज्या मोडमध्ये चालतो तिथून त्या बिटाला हात लागत नाही. तो लावायचं काम बूटलोडरचं, रॉममधल्या सेवेला हाक मारून. म्हणजे कर्नलची दिसणारी ही चूक प्रत्यक्षात पहिल्या २० ब्लॉकांमध्ये राहते. दोष-यादीतली प्रत्येक नोंद ‘कोणता कोड बदलायचा’ यावरून नव्हे, ‘तो कोड नँडमध्ये कुठे राहतो’ यावरून वाटली पाहिजे, ती अशा नोंदींमुळे.

ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर बंदिस्त. कर्नलमधलं मॉड्यूल आणि वरच्या लायब्ररी एकाच आवृत्तीच्या असाव्या लागतात, शिवाय चिपच्या पिढीप्रमाणे वेगळ्या: ओमॅप ३५३० ला ईएस३ गट, नंतरच्या १ गिगाहर्ट्झच्या पँडोरातल्या डीएम३७३० ला ईएस५. बूट होताना चिप ओळखून योग्य गट निवडला की एकच इमेज दोघांना पुरते.

बटणांचा करार

हे हार्डवेअर नाही, पण एकदा बाहेर गेलं की बदलत नाही. कीबोर्ड जाळीवर वायरलेला आहे, खेळाची बटणं मात्र प्रत्येकी स्वतंत्र जीपीआयओवर (चिपच्या सुट्या पिनेवर). जाळीवर तीन कळा एकदम दाबल्या की न दाबलेली चौथी उमटू शकते. खेळात ते खपत नाही.

कर्नल या बटणांना साध्या कीबोर्डच्याच कळा म्हणून पुढे करतो: ए म्हणजे होम, बी म्हणजे एंड, एक्स म्हणजे पेज डाउन, वाय म्हणजे पेज अप. डावं खांदा-बटण उजवा शिफ्ट, उजवं खांदा-बटण उजवा कंट्रोल. स्टार्ट हा ऑल्ट, सिलेक्ट हा डावा कंट्रोल. आधीपासून असलेले प्रोग्राम फारसा बदल न करता चालावेत आणि वेब पान खेळाच्या बटणांनी सरकावं, हा फायदा. तोटा असा की टर्मिनलमध्ये खांदा-बटण चुकून दाबलं तर कंट्रोल लागतो. फायदा मोठा आहे, असं आमचं मत. पण मत काहीही असो, पहिला खेळ या नावांवर बांधला गेला की नकाशा गोठला. नंतर ‘सुधारणा’ केली तर शेकडो खेळांची बटणं एकदम बदलतील.

यूएसबीच्या होस्ट पोर्टचंही असंच एक वास्तव. तो फक्त हाय-स्पीड बोलतो. साधा माउस थेट लावला तर काहीच होत नाही, मध्ये हब लावला की चालतो. हे फर्मवेअरने सुटणार नाही. माहितीपत्रकात ठळक छापणं एवढंच हाती आहे.

खेळ कार्डावर कसे राहतात

खेळ पीएनडी फाइल म्हणून येतात: आत स्क्वॉशएफएस (दाबून भरलेली फाइल सिस्टिम) किंवा आयएसओ, शेपटाला एक्सएमएलचा मजकूर आणि चित्र. फाइल कार्डावर योग्य फोल्डरमध्ये टाकली की मेन्यूत दिसते, कार्ड काढलं की जाते. चालवताना फाइल माउंट होते आणि तिच्यावर एयूएफएसने लिहिता येण्याजोगा थर चढतो. जे काही बदलतं ते कार्डावरच्या ‘ॲपडेटा’त साठतं. नँडवर काही बसवलं जात नाही, हे महत्त्वाचं.

यासाठी कर्नलमध्ये लूप, स्क्वॉशएफएस आणि एयूएफएस तिन्ही पहिल्या दिवसापासून हवेत. अडचणी येतात त्या फॅट कार्डांच्या. तिथे सिम्बॉलिक लिंक नाही, परवानग्या नाहीत, लहान-मोठ्या लिपीचा फरक नाही. खेळ स्वतःच्या फोल्डरात लिंक बनवायला गेला की कोसळतो, आणि तोच खेळ बनवणाऱ्याच्या ईएक्सटी कार्डावर उत्तम चालतो. फॅट माउंट करताना ‘फ्लश’ हा पर्याय द्यावा. ‘सिंक’ने (प्रत्येक लेखन तत्क्षणी कार्डावर) कार्ड मंदावतं आणि झिजतं, काहीच न दिल्यास कार्ड उपसताक्षणी साठवलेला खेळ गेला.

मूळ इमेज उचलताना

वापरात असलेल्या संचावरून इमेज काढायचा मोह होतो, कारण त्यावर सगळं नीट लावलेलं असतं. त्यासोबत काय काय येतं ते असं. यूडेव्हच्या ‘७०-पर्सिस्टंट-नेट’ फाइलमध्ये त्या संचाचा मॅक पत्ता असतो. मग इतर प्रत्येक संचावर वायफाय दुसऱ्या क्रमांकाचं म्हणून उठतं आणि पहिल्यावर बांधलेल्या सेटिंग लागत नाहीत. एसएसएच होस्टच्या किल्ल्या सगळ्यांच्या सारख्या होतात. डी-बसची मशीन-आयडीही. टचस्क्रीनचं कॅलिब्रेशन कुणा दुसऱ्याच्या पडद्याचं असतं, त्यामुळे पहिल्या-बूटच्या विझार्डमधलं ‘पुढे’ बटणच बोटाखाली लागत नाही.

इमेज नेहमी बिल्ड-मशीनवर कोऱ्यापासून बनवायची. किल्ल्या, आयडी आणि कॅलिब्रेशन पहिल्या बूटला प्रत्येक संचाने स्वतः तयार करायचं. विझार्ड पडद्याबरोबरच कीबोर्ड आणि डी-पॅडनेही पूर्ण करता आला पाहिजे. मध्येच वीज गेली तर तो पुढच्या वेळी पहिल्यापासून सुरू व्हावा. ‘झालं’ची खूण फाइल अगदी शेवटी, आणि ती लिहिल्यावर सिंक.

ओपीकेजीच्या (पॅकेजं बसवणारं साधन) फीडकडेही, म्हणजे पॅकेजं जिथून येतात त्या भांडाराकडेही, लक्ष हवं. अँगस्ट्रॉमच्या सर्वसाधारण फीडवरून सरसकट अपग्रेड केलं तर यंत्रासाठी खास बनवलेली पॅकेजं सर्वसाधारण पॅकेजांखाली गाडली जातात. संचातल्या यादीत फक्त आपल्या ताब्यातलं फीड ठेवावं.

रवानगीच्या आदल्या आठवड्यात

या टप्प्यावर दोष-यादी दोन रकान्यांत पडलेली असते. पहिल्या रकान्यात एक्स-लोडर, यू-बूट, नँडचा नकाशा, यूबीआयचे आकडे, बटणांचा नकाशा. इथे एकही उघडी नोंद चालणार नाही, आणि आठवडाभर इथे कुणी नवं काही लिहायचं नाही, दुरुस्तीसुद्धा नाही. दुरुस्ती केलीच तर चार प्रती पुसण्यापासून वीस बोर्डांपर्यंतची सगळी चाचणी पुन्हा, पूर्ण दोन दिवस. दुसऱ्या रकान्यात वायफायची गती, झोप, नबची संवेदनशीलता, मेन्यूतली चुकलेली चित्रं. त्यातलं जे झालं ते झालं.

प्रत्येक बोर्डाच्या चाचणी-नोंदीत तीन आकडे हवेतच: इमेजची चेकसम, यूबीआयने सांगितलेली खराब ब्लॉकांची संख्या आणि वीज तोडून केलेल्या बूटला लागलेले सेकंद. खराब ब्लॉकांची संख्या साठाच्या पुढे गेलेला बोर्ड आज चालत असला तरी वेगळा ठेवावा, बदलीसाठीच्या ८० पैकी बरेच त्याने जन्मतःच खाल्लेले असतात. बूटला इतरांपेक्षा तीन-चार सेकंद जास्त लागत असतील तर तो बोर्डही तपासायला बाजूला काढायचा. त्या बोर्डाचे पहिले चार ब्लॉक पुन्हा लिहायचे, वीज तोडायची, आणि परत मोजायचं.